दम लवकर येतो, हाड उशिरा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की धाराशिवच्या तुळजाभवानी क्रीडा संकुलापासून परंडा-कळंबच्या डांबरी रस्त्यांपर्यंत पहाटे पोरं-पोरी पळताना दिसतात. त्यातली कितीतरी जण मैदानी चाचणीआधीच नडगी धरून बसतात, हा दरवेळचा अनुभव. लोक त्याला नशीब म्हणतात. माझ्या मते दोष सरावाच्या हिशोबात आहे. शरीराचे सगळे भाग एका वेगानं तयार होत नाहीत. नियमित पळणाऱ्याचं हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा आणि खुद्द हाड बळकट व्हायला महिने लागतात. भार वाढला की हाडाची आधी झीज होते, भर नंतर पडते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता दम टिकतोय’ म्हणून अंतर दुप्पट केलं जातं आणि नेमकं तेव्हाच नडगीचं हाड नाजूक असतं.

दुसरी चूक रोज घड्याळ लावून 1600 मीटर पळण्याची. पुरुषांच्या मैदानी चाचणीच्या 50 गुणांत 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण आहेत. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. आपल्या इच्छेनं हलणाऱ्या स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक सावकाश आकसणारे, प्राणवायूवर चालणारे, लवकर न थकणारे. दुसरे झटक्यात जोर लावणारे, पण लगेच दमणारे. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणारा भाविक पहिल्यांच्या बळावर येतो. खो मिळताच उठणाऱ्या खेळाडूची झेप दुसऱ्यांची. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार सारिका काळे धाराशिव जिल्ह्याचीच, त्यामुळे ही झेप आपल्याला नवी नाही. शंभर मीटर आणि गोळा मिळून 30 गुण या झटपट तंतूंवर आहेत. त्यांना छोट्या वेगवान धावा, मध्ये पुरेशी विश्रांती, बैठका आणि वजन लागतं. नुसत्या लांब पळण्यानं ते तयार होत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, शेतात राबणाऱ्या पोरांना कसली तयारी? राबणं खरंच उपयोगी आहे, पण दिवसभर वाकून काम केलेल्या पायांनी डांबरावर हजारो वेळा आपटण्याचा भार सोसलेला नसतो. कुणी तालमीचा दाखला देतं. पैलवानाच्या जोर-बैठका लहानपणापासून चढत गेलेल्या असतात आणि दुपारची झोप हा त्याच्या मेहनतीचाच भाग असतो. आपण मेहनत तेवढी उचलतो, झोप सोडून देतो. ‘जाहिरातीनंतर वेळच कुठे उरतो?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच जाहिरातीची वाट न पाहता हळू पळणं आधीपासून सुरू ठेवावं. वेळ वाचवायला जिममध्ये कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर तिथून निघावं. त्यानं स्नायू फुगतो, कंडरा मागेच राहते; आणि छातीतलं हृदय हाही स्नायूच आहे, तोही त्यानं जाडावून बिघडू शकतो.

आठवड्यात तीन-चार दिवसच पळा, त्यातले बहुतेक बोलता येईल इतक्या वेगानं, जमेल तिथे मातीवर. नडगी दुखली तर आतल्या कडेनं अंगठा दाबत खाली न्या. दुखणं लांब पट्ट्यात पसरलेलं असेल तर भार कमी करून ते बहुधा बसतं. रुपयाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल तर हाडाला तडा असू शकतो; पळणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अचानक जास्त मेहनत केल्यावर अंग प्रचंड दुखून लघवी कोलासारखी काळपट झाली, तर तुटलेल्या स्नायूंतला अंश मूत्रपिंडात उतरतोय असं समजा. लिंबू-सरबतावर भागवू नका. तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठा.