एका खोलीचीं पांच चित्रें

आपल्या शाळेचा जुना चित्रकलेचा वर्ग गेल्या वर्षीं पाडला, हें तुम्हांस ठाऊक आहेच. तुमच्यापैकीं कित्येकांचे वडील त्याच वर्गांत बसून फळ्याच्या चौकटीवर रंगविलेली कमळांची वेल गिरवीत मोठे झाले. सोमवारीं कौलें उतरावयास मजूर येणार होते. आणि शनिवारीं सकाळीं मला आज्ञा झाली कीं, त्या वर्गाचा एक चांगला फोटो शाळेच्या संग्रहीं असावा.

काम सोपें वाटलें. खोली काळ्या दगडाची, पूर्वेस एकच खिडकी आणि खिडकीबाहेर उन्हांत न्हालेला कडुलिंब. मीं पहिला फोटो घेतला. वेल स्पष्ट आली, पण खिडकी कोऱ्या कागदासारखी पांढरी. दुसऱ्यांत लिंबाचें पान न् पान दिसलें. वर्ग मात्र दौतींत बुडविल्यासारखा काळा. प्रत्यक्ष पाहतां मला दोन्ही दिसत होतीं. मग कॅमेऱ्यासच तीं कां दिसूं नयेत?

याचें कारण असें. आपला डोळा क्षणोक्षणीं फिरत असतो; उजेडाकडे वळतांच बाहुली आकुंचित होते, अंधाराकडे वळतांच विस्तारते, आणि मेंदू हे सर्व तुकडे जोडून एक दृश्य उभें करतो. कॅमेऱ्यास ही सोय नाहीं. त्याचें शटर एकदां उघडतें व मिटतें, आणि तेवढ्या अवधींत जो प्रकाश आंत येईल त्यावरच सर्व चित्र अवलंबून.

पावसाळ्यांत पागोळ्यांखालीं मांडलेलीं भांडीं आठवा. जेथें धार मोठी तेथील भांडें तेव्हांच भरून वाहूं लागतें. आणि एकदां तें वाहूं लागलें म्हणजे त्यांत किती पाणी पडलें हें कोणी सांगूं शकत नाहीं. जेथें नुसते थेंब गळतात तेथें तळहि ओला होत नाहीं, मग मोजणार काय? डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर अशीं लक्षावधि सूक्ष्म भांडीं असतात. खिडकीचीं भांडीं वाहून गेलीं, कोपऱ्याचीं कोरडीं राहिलीं, एवढाच माझ्या दोन फोटोंचा अर्थ.

यावर तोड एकच. भांडीं निरनिराळ्या अवधीपर्यंत ठेवावींत. मोठ्या धारेखालीं क्षणभर, थेंबांखालीं बराच वेळ. चार मिनिटांत दोन लिटर पाणी सांठलें तर मिनिटास अर्धा लिटर. दुसरें भांडें एकच मिनिट ठेवून अर्धा लिटर भरलें तरी उत्तर तेंच. वाहून गेलेल्या भांड्याची साक्ष ग्राह्य धरावयाची नाहीं, कोरड्याचीहि नाहीं, मधल्यांची धरावयाची. अनेक एक्स्पोजरांचें एक चित्र करण्याची विद्या, जिला हाय डायनॅमिक रेंज म्हणतात, ती मूळांत एवढेंच गणित आहे. कॅमेरा प्रकाशाचें माप सरळ प्रमाणांतच नोंदवितो असें मात्र नाहीं. त्याची ही वांकडी चाल त्याच्याच फोटोंवरून शोधून काढण्याची रीत पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक या दोघांनीं 1997 सालीं प्रसिद्ध केली, आणि तेव्हांपासून या विद्येस चांगलें बळ आलें.

अडचण मात्र फार जुनी. काचेवर कलोडियनचा थर देऊन फोटो घेत त्या काळीं तो थर निळ्या रंगास अतिशय जागरूक असे. त्यामुळें समुद्र नीट यावा तों आकाश पांढरें पडे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें 1856 च्या सुमारास आकाशाची एक काच व समुद्राची दुसरी अशा दोन काचा एकाच कागदावर, क्षितिजाच्या रेषेशीं सांधा जुळवून, छापल्या. 1857 सालचें त्याचें सेत येथील मोठ्या लाटेचें चित्र याच रीतीचें आहे. एकच आकाश त्यानें निरनिराळ्या समुद्रांवर वापरल्याचेंहि दाखवितात! मला हें रुचत नाहीं. पण ज्याच्याजवळ दुसरा उपाय नव्हता त्यास आपण फार बोलूं नये.

आतां माझी कृति. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसविला. भिंगाचें छिद्र पांचहि वेळां तेंच ठेविलें, कारण तें बदललें तर चित्राचा जवळचा व दूरचा रेखीवपणाहि बदलतो. आय.एस.ओ. कमी व स्थिर, फोकस स्थिर, रंगांचा तोल स्थिर. फक्त शटरचा अवधि बदलावयाचा. 1/500 सेकंद, मग 1/125, 1/30, 1/8 आणि शेवटीं 1/2. म्हणजे प्रत्येक वेळीं सुमारें चौपट प्रकाश. बोटाचा धक्का लागूं नये म्हणून बटण दाबल्यावर दोन सेकंदांनीं शटर उघडेल अशी योजना केली.

एक चूक झाली. शिपाईमामांची पस्तीस वर्षें त्या वर्गाच्या किल्ल्या सांभाळण्यांत गेलीं होतीं, म्हणून त्यांस खिडकीपाशीं उभें केलें. ते मधेंच किंचित् वळले. संगणकानें पांचहि चित्रें एकत्र केलीं तेव्हां मामांस दोन तोंडें फुटलीं होतीं! हलत्या वस्तूचें या रीतीशीं वैरच. शेवटीं मामा केवळ 1/30 च्या चित्रांतून घेतले व बाकीची खोली पांचांतून. तुमच्या घरचे अनेक मोबाईल हेंच काम न सांगतां करतात. ते झरझर बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतात. हललेल्या मुलाचा हात कधीं कधीं पारदर्शक दिसतो तो यामुळेंच.

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. खोलींतील उजेड-अंधाराचें सर्व माप हातीं आलें, पण तें दाखवावयाचें कोठें? चांगल्या छापील कागदावरचा पांढरा हा काळ्याहून शंभरपटीच्या आसपासच उजळ असतो. माझ्या खिडकींत व कोपऱ्यांत याहून कितीतरी अधिक अंतर होतें. म्हणजे तें दाबून बसवावें लागतें, आणि किती दाबावें हें संगणक सांगत नाहीं. मला मोह आवरला नाहीं. कोपरे इतके उजळले कीं दगडांतील चुन्याच्या रेघा मोजाव्यात. लिंबाभोंवतीं एक पांढुरकें वलय उमटलें, तेंहि मला शोभिवंत वाटलें. मोठ्या हौसेनें तें चित्र मामांस दाखविलें.

त्यांनीं बराच वेळ पाहिलें. मग म्हणाले, "सर, फोटो झ्याक आहे. पण हा आपला वर्ग नव्हं. तिथं एवढा उजेड कधीच नव्हता."

मी रागावलों, खरें सांगतों. दोन दिवस तें चित्र तसेंच ठेविलें. तोंवर वर्ग उरला नव्हता. पुन्हां जाऊन ताडून पाहण्याची सोय नव्हती. माझ्याजवळ पांच चित्रें होतीं व मामांची आठवण होती. पुन्हां बसून उजेड हळूहळू उतरवीत गेलों. वेल दिसेल, पण डोळे थोडे ताणावे लागतील. लिंब दिसेल, पण ऊन ऊनच वाटेल, इतपत. वलय गेलें. तिसऱ्या खेपेस मामांनीं नुसती मान हलविली.

तें चित्र आतां वाचनालयाच्या दारावर आहे. फळ्याच्या उजव्या बाजूचा कोपरा त्यांत काळाच आहे. तेथें काय ठेवलेलें असे, तें मामांना विचारावें. ते अद्याप रोज संध्याकाळीं फाटकाशीं येऊन बसतात.