मोठा पाऊस खरेच वाढला का? वहीवरून पाहण्याची रीत



२००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर कृष्णा-पंचगंगेच्या काठाने पाहिले. आडसाली लावण जुलै-ऑगस्टातली आणि पूरही त्याच सुमारास. कोवळी लावण कुजते, उभ्या उसाच्या पोंग्यात गाळ बसून शेंडा मरतो. "साहेब, मळीच्या रानात आता ऊस लावायचा का नाही?" असे सभासद आम्हाला वरचेवर विचारतात. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. मोठा पाऊस खरोखर वाढत चाललाय, की हा नुसता योगायोग?

हे पाहण्यास नदीची पातळी घेऊ नये. तिच्यात धरणाचा विसर्ग, पात्रातला भराव, पुलाचा अडथळा असे सगळे मिसळलेले असते. पर्जन्यमापकाची वही घ्यावी. सकाळी साडेआठच्या नोंदींतून दर वर्षाचा एका दिवसातला सर्वांत मोठा पाऊस तेवढा उतरून काढावा. ३० वर्षांचे ३० आकडे होतील.

आता गंमत पाहा. पाऊस मुळीच बदलला नसला, तरी अशा ३० आकड्यांत "आजवरचा उच्चांक" सरासरीने ४ वेळा होतो. पहिले वर्ष उच्चांकच, दुसरे उच्चांक होण्याची शक्यता निम्मी, तिसऱ्याची एक तृतीयांश, अशी बेरीज करीत गेले की ४ येतात. तेव्हा उच्चांक मोडला की लगेच काळ फिरला म्हणू नये. उलट "शंभर वर्षांतला पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही" हेही खोटेच. तो दर वर्षी शंभरात १ या हिशेबाने येऊ शकतो. ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात २६ भरते.

मग परीक्षा कशी करायची? मान-केंडाल नावाची एक रीत आहे, पेन्सिलीने करता येते. प्रत्येक वर्षाची त्याच्या पुढच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावा. ३० वर्षांच्या ४३५ जोड्या होतात. पुढचा आकडा मोठा असेल तर अधिक १, लहान असेल तर वजा १. बदल नसेल तर बेरीज शून्याच्या आसपास राहते. ती ११० च्या वर गेली, तर नुसत्या योगायोगाने तसे होणे अवघड समजावे. एखाद्या वर्षी आभाळ फाटले तरी त्या एका आकड्याने सगळा हिशेब ओढला जात नाही, हा या रीतीचा मोठा गुण. मात्र १९७२ च्या दुष्काळापासून मोजून २०१९ ला थांबलात, तर काहीही सिद्ध होईल! आणि मापक मध्येच हलवला असेल किंवा शेजारी झाड वाढले असेल, तर तेही तपासावे.

एका मापकावर मात्र बहुधा काहीच ठाम निघत नाही, कारण वर्षावर्षातला चढउतारच फार. म्हणून पुष्कळ ठिकाणच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या १९५१ ते २००० च्या नोंदी अशाच एकत्र पाहिल्या. पावसाळ्याची सरासरी फारशी हलली नव्हती. पण दिवसाला १०० मिलिमीटर व त्यावरचे पाऊस वाढले होते आणि मध्यम पाऊस कमी झाले होते. नुसती सरासरी पाहणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. हा निष्कर्ष आपल्या गावाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण आपल्या वहीत वाढ दिसली नाही म्हणून वाढ नाहीच, असेही धरता येत नाही.

मळीच्या रानाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. कल सिद्ध होण्याची वाट पाहू नये. जिथे तीनदा पाणी आले तिथे आडसालीऐवजी पूर्वहंगामी लावण धरावी. ऑगस्टपर्यंत ऊस डोक्यावर गेलेला असतो आणि शेंडा पाण्याबाहेर राहण्याची आशा असते.

ज्यांच्या घरी पावसाच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या गट ऑफिसात आणाव्यात. नक्कल करून त्याच दिवशी परत देऊ. मधली वर्षे गहाळ असली तरी चालेल, फक्त ती अंदाजाने भरून आणू नयेत.