मजुरीस जाणाऱ्या मातेचे दूध

प्रसूतीसाठी २६ आठवड्यांच्या सवेतन रजेची तरतूद आस्थापनांतील नोकरदार स्त्रीसाठी आहे. खुरपणीस जाणाऱ्या बाळंतिणीस ती सवलत नाही. ती कामास लागली, की घरी बाळास वरचे दूध सुरू होते. वस्तुतः पहिले ६ महिने बाळास मातेच्या दुधाखेरीज पाण्याचीही आवश्यकता नसते आणि हे दूध काढून ठेवता येते.

त्यासाठी यंत्र लागतेच असे नाही. हात साबणाने धुवावेत व उकळून घेतलेले झाकणाचे भांडे घ्यावे. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेस अंगठा व बोटे ठेवून प्रथम छातीकडे दाबावे, मग ती एकमेकांजवळ आणून दाब सोडावा. त्वचेवरून बोटे घासू नयेत. आरंभी थेंबही येत नाही व पुष्कळ माता तेथेच प्रयत्न सोडतात. वास्तविक पान्हा फुटण्यास काही मिनिटे लागतात.

झाकून थंड जागी ठेवलेले दूध ४ तासांच्या आत पाजावे, कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. ते विस्तवावर तापवू नये. बाटलीऐवजी वाटी-चमचा बरा. उष्टे उरलेले दूध पुन्हा पाजू नये.

कामावरही दर ३ तासांनी दूध काढावे. अन्यथा स्तन दाटून दुखतात व दूध आटू लागते. याकरिता आडोसा आणि हात धुण्यास पाणी एवढेच हवे. ग्रामपंचायतीने आपल्या कामांवर तरी त्याची सोय करावी.