मीटर म्हणतो वायर चांगली, मग चॅनेल का फुटतात?

डिश फिटिंगच्या व्हिडिओत जोडाचा विषय घाईत उरकला होता, तो इथे नीट लिहितो.

आपल्या बॅचमधल्या एका मुलाची गोष्ट. गिऱ्हाईकाने टीव्ही हॉलमधून आतल्या खोलीत हलवला. याने जुनी वायर मध्येच सोलली, नवीन वायर तिला पिळून जोडली, टेप मारली, पैसे घेतले. जुन्या वायरचं दोनेक मीटरचं टोक हॉलमध्ये तसंच लोंबत राहिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, काही चॅनेल एकदम स्वच्छ, काही फुटतायत. याने जाऊन एलएनबी बदलला. मग सेट टॉप बॉक्स बदलून बघितला. मीटर लावला तर बीप व्यवस्थित. शेवटी गिऱ्हाईक म्हणालं, "राहू दे, दुसऱ्याला बोलावतो." एलएनबीचे पैसे खिशातून गेले, तीन फेऱ्यांचं पेट्रोल गेलं, आणि त्या बिल्डिंगमधली पुढची कामंही गेली.

आता समजून घेऊ. आरजी-६ वायर ७५ ओहमची असते, पण हे ७५ मीटरवर कधीच दिसणार नाहीत, कारण तो साधा रेझिस्टन्स नाही. मधली तार किती जाड, जाळी तिच्यापासून किती लांब आणि मध्ये फोम कसला, यावरून तो आकडा ठरतो. पळत्या सिग्नलला वाटेत हा आकडा बदललेला सापडला की त्याचा काही भाग मागे परततो. मीटर फक्त डीसी बघतो. आपला सिग्नल एलएनबीतून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर येतो. म्हणून बीप वाजते आणि चॅनेल फुटतात.

किती परततो? ७५ च्या वायरला ५० ओहमची वायर जोडली तर एका जोडावर फक्त ४ टक्के पॉवर मागे जाते, म्हणजे ०.१८ डीबी. काहीच नाही! मध्ये ५० चा तुकडा टाकला, म्हणजे दोन जोड झाले, तरी अगदी वाईट फ्रिक्वेन्सीला ०.७ डीबीच्या आसपास. त्यामुळे "मिसमॅच झाला, सगळा सिग्नल गेला" असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. बारीक आरजी-५८ वापरली की खरा फटका वेगळाच असतो, ती वायर स्वतःच आरजी-६ च्या दुपटीहून जास्त सिग्नल खाते.

पिळून जोडलेल्या फाट्याचा हिशोब मात्र मजेदार आहे. दोन ७५ समांतर आले की ३७.५. त्यावर ११ टक्के मागे, उरलेले दोन्हीकडे अर्धे अर्धे, म्हणजे प्रत्येकी साधारण ३.५ डीबी कमी. चांगला दोन वाटांचा स्प्लिटरही जवळपास तेवढंच खातो! मग स्प्लिटर कशाला? कारण स्प्लिटर प्रत्येक बाजूला ७५ दाखवतो आणि एका बाजूची गडबड दुसरीकडे फारशी जाऊ देत नाही. (एका साध्या एलएनबीवर दोन बॉक्स मात्र स्प्लिटरनेही नीट चालत नाहीत. एकाला १३ व्होल्ट हवे, दुसऱ्याला १८. तिथे ट्विन एलएनबीच.)

आपल्या मुलाच्या केसमध्ये फाट्याचं एक टोक उघडं होतं. सिग्नल तिथे जाऊन आपटतो, परत येतो. ज्या फ्रिक्वेन्सीला ते टोक पाव तरंगाइतकं, किंवा त्याच्या तिप्पट, पाचपट लांब भरतं, तिथे परतलेला सिग्नल उलटा येऊन मूळ सिग्नल मारतो. फोमच्या वायरीत सिग्नलचा वेग प्रकाशाच्या सुमारे ८३ टक्के. दोन मीटरच्या टोकाला हिशोब केला तर दर ६० मेगाहर्ट्झला साधारण एक खड्डा. ज्या ट्रान्सपाँडरवर खड्डा पडला त्यावरचे चॅनेल फुटणार, शेजारचे ठणठणीत. एलएनबी बदलून खड्डा हलतो थोडाच!

काम पाच मिनिटांचं होतं. जुनं टोक कापून टाकायचं, दोन्ही वायरींना एफ कनेक्टर मारायचे, मध्ये जॉइंटर. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर, आणि जाळीचा एकही केस तिला लागता कामा नये. स्प्लिटरचं एखादं तोंड रिकामं राहत असेल तर ७५ ओहमचं टर्मिनेटर लावा, डिशला डीसी अडवणारंच घ्या.

आणि गिऱ्हाईकाला बिल सांगताना जॉइंटर, कनेक्टर वेगळे लिहा. लोक कुरकुरतात, पण देतात.