ओटच्या दाण्यातील साक्षीदार : संचित प्रथिनांवरून वाणाच्या शुद्धतेची परीक्षा

उत्तर भारतातील शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत ओट पेरतो. हिंदी भाषिक प्रदेशांत या पिकास जई म्हणतात. हिवाळ्यात दुभत्या जनावरांना हिरवी वैरण मिळावी हा या पेरणीचा मुख्य हेतू होय. ओटचे काही वाण एकदाच कापण्याजोगे असतात, तर काही कापणीनंतर पुन्हा जोमाने फुटतात. दुसऱ्या प्रकारचे म्हणून विकत घेतलेल्या बियाण्यात पहिल्या प्रकारचे दाणे मिसळलेले असतील, तर पहिल्या कापणीनंतर शेत विरळ दिसू लागते. परंतु तेव्हा पेरणीचा काळ निघून गेलेला असतो आणि गोठ्यातील जनावरे तर पुढच्या हंगामापर्यंत थांबू शकत नाहीत. यास्तव बियाणे जमिनीत पडण्यापूर्वीच त्याची आनुवंशिक शुद्धता ओळखता येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

डोळ्यांची मर्यादा

ओट हे स्वपरागण करणारे पीक आहे. त्यामुळे त्याचा वाण पिढ्यानुपिढ्या बहुधा जसाच्या तसा राहतो. तरीही भेसळ शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. मळणीयंत्रात अडकून राहिलेले दाणे, मागील वर्षी शेतात सांडून आपोआप उगवलेली रोपे, रानओटचे तण आणि क्वचित होणारे परपरागण या त्यांपैकी काही होत. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूत बियाण्यापासून प्रमाणित बियाणे तयार होते. या साखळीत आरंभी शिरलेली थोडीशी भेसळ शेवटी शेकडो शेतांत पोहोचते.

ओटचा दाणा तुसात गुंडाळलेला असतो. तुसाचा रंग, कुसळ, केस यांवरून काही वाण ओळखता येतात. जंबुपार प्रकाशात काही वाणांची तुसे फिकट निळसर चमकतात, काहींची चमकत नाहीत. परंतु एकाच रंगाच्या तुसाचे वाण पुष्कळ असल्याने या खुणा अपुऱ्या पडतात. नमुना शेतात पेरून रोपे न्याहाळणे हा खात्रीचा मार्ग खरा, पण त्यास एक संपूर्ण हंगाम लागतो.

दाण्यातील शिदोरी

अंकुरास स्वतःचे अन्न तयार करता येईपर्यंत त्याचे पोषण व्हावे म्हणून दाण्यात पिष्ठाबरोबर प्रथिनांचाही साठा असतो. त्यांस संचित प्रथिने म्हणतात. अमेरिकेतील कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रात थॉमस ऑस्बॉर्न यांनी वनस्पतींच्या प्रथिनांचा अभ्यास केला; ओटच्या दाण्यातील प्रथिनांवरील त्यांचा निबंध १८९१ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या द्रवात विरघळतात यावरून धान्यांतील प्रथिनांचे चार वर्ग मानले जातात. पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिने, मिठाच्या पाण्यात विरघळणारी ग्लोब्युलिने, जलमिश्रित अल्कोहोलात विरघळणारी प्रोलॅमिने आणि सौम्य आम्लात वा अल्कलीत विरघळणारी ग्लुटेलिने हे ते वर्ग होत. गव्हात प्रोलॅमिने व ग्लुटेलिने यांचे प्राबल्य असते. ओटमध्ये मात्र ग्लोब्युलिनांचा वाटा सर्वांत मोठा असतो. ओटच्या प्रोलॅमिनास ॲव्हेनीन म्हणतात. त्याचे प्रमाण थोडे असले, तरी वाण ओळखण्याच्या कामी ते फार उपयोगी पडते.

याचे कारण असे की, ॲव्हेनीन हा एकच पदार्थ नसून परस्परांशी साम्य असलेल्या अनेक प्रथिनांचा तो समूह आहे. ओटच्या पेशीत गुणसूत्रांच्या २१ जोड्या असून त्या तीन निरनिराळ्या पूर्वज-संचांतून आलेल्या आहेत. या संचांतील अनेक जनुके ॲव्हेनिनाचे निरनिराळे घटक घडवितात. कोणत्या वाणात कोणते घटक असावेत हे जनुकेच ठरवितात. खत अधिक मिळाल्यास दाण्यातील प्रथिनांचे एकूण प्रमाण वाढते. पण त्यामुळे एका वाणाची प्रथिने दुसऱ्या वाणाची होत नाहीत.

रेषांची लिपी

हे घटक वेगळे करण्याच्या रीतीस विद्युत् संचारण म्हणतात. स्वीडनचे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली या रीतीस प्रगत रूप दिले आणि १९४८ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परीक्षेसाठी एकेक दाणा वेगळा घेतात. सर्व दाण्यांचे एकत्र पीठ केल्यास थोडीशी भेसळ बहुसंख्य दाण्यांच्या प्रथिनांत झाकून जाते. दाणा सोलून, ठेचून जलमिश्रित अल्कोहोलात भिजवितात. वर आलेला स्वच्छ द्रव जेलीसारख्या पातळ थराच्या खाचेत घालतात आणि थरातून विद्युत् प्रवाह सोडतात. माध्यम आम्लधर्मी असल्याने प्रथिने धनभारित होऊन ऋणाग्राकडे सरकू लागतात. ज्यांचा भार अधिक व आकार लहान ती पुढे जातात, इतर मागे राहतात. नंतर थर रंगविला असता निळ्या रेषांची एक मालिका उमटते. शेजारीच खात्रीच्या शुद्ध बियाण्याची मालिका असते. दोन्ही जुळल्या नाहीत, तर तो दाणा परका होय. दाण्याचा गर्भाकडील अर्धा भाग राखून ठेवल्यास त्याच दाण्याचे रोपही वाढविता येते.

किती दाणे तपासावे?

समजा, बियाण्यात दर १०० दाण्यांत २ परके आहेत. एक दाणा उचलला असता तो शुद्ध असण्याची संभाव्यता ०.९८ होय. ५० दाणे उचलले, तर ते सर्वच शुद्ध निघण्याची संभाव्यता सुमारे ०.३६ येते, म्हणजे तीनांपैकी एका वेळेहूनही अधिक वेळा भेसळ निसटून जाईल. १०० दाण्यांस ही संभाव्यता सुमारे ०.१३ आणि १५० दाण्यांस सुमारे ०.०५ होते. पाचदहा दाणे पाहून दिलेला निर्वाळा किती पोकळ असतो, हे यावरून ध्यानी येईल.

साक्षीच्या सीमा

ही परीक्षा सर्वसमर्थ नाही. निकटच्या नात्यातील दोन वाणांच्या रेषा अगदी सारख्या असू शकतात. उलट, एखाद्या मान्य वाणातच दोन-तीन प्रकारच्या मालिका मुळापासून आढळतात. त्यांस भेसळ ठरविणे हा अन्याय होईल. म्हणून रेषा जुळल्या नाहीत तर दाणा परका ठरविण्याआधी त्या वाणाच्या मूळ बियाण्याची पूर्ण ओळख हवी. रेषा जुळल्या, तर एवढेच म्हणावे की, या परीक्षेत भेद दिसला नाही. जेथे प्रथिने मौन धरतात, तेथे आज डीएनएच्या खुणांचा आधार घेता येतो, आणि शेतातील निरीक्षणाचे मोलही कमी झालेले नाही.

तरीही हंगामभर थांबून मिळणारे उत्तर दोन-तीन दिवसांत आणि पेरणीपूर्वी मिळणे, हा लाभ लहान नव्हे. अंकुराच्या पोषणासाठी निसर्गाने ठेवलेली शिदोरीच त्या दाण्याच्या कुळाची साक्ष देते.

स्वाध्याय

१. परीक्षेसाठी सर्व दाण्यांचे एकत्र पीठ का करीत नाहीत?
२. बियाण्यात दर १०० दाण्यांत १ परका असेल, तर १०० दाण्यांच्या नमुन्यात एकही परका न सापडण्याची संभाव्यता किती?
३. 'रेषा जुळल्या, म्हणून वाण शुद्ध' हे विधान अपुरे का आहे?