‘भिवंडीहून रवाना’ म्हणून घेतलेले पार्सल चीनमधून आले तर?

प्रश्न : संकेतस्थळावर ‘भिवंडीच्या गोदामातून चार दिवसांत घरपोच’ असे लिहिले होते. पार्सल तीन आठवड्यांनी चीनमधून आले. विक्रेता ते परत घेत नाही. ग्राहकाला पैसे परत मागता येतात का?

उत्तर : येतात. वस्तू कुठे बनली आणि कुठून निघाली, हे दोन वेगळे मुद्दे आहेत. चीनमध्ये बनलेला माल रीतसर आयात होऊन भिवंडीतून आला, तर त्यात गैर काही नाही. उत्पादनाचा देश आणि आयातदाराचे नाव तेवढे दिलेले हवे. परदेशातून येणारा माल भारतातल्या गोदामातला म्हणून विकणे मात्र दिशाभूलच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल पाठवण्याचा तपशील देणेही विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

तक्रारीत खरा जोर उशिरावर द्यावा. माल कुठून निघाला हे सिद्ध करताना दमछाक होते. ठरलेली तारीख उलटली हे कागदावरच दिसते. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला, तर विक्रेत्याला तो परत घेणे किंवा पैसे देणे नाकारता येत नाही. अपवाद फक्त नैसर्गिक आपत्तीसारख्या अटळ कारणाचा.

पुरावा लगेच जमवावा, कारण संकेतस्थळावरचा मजकूर केव्हाही बदलतो. वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट, बिल आणि पाकिटावरचे लेबल जपावे. आंतरराष्ट्रीय टपालाच्या १३ अक्षरी ट्रॅकिंग क्रमांकातली शेवटची दोन अक्षरे पाठवणाऱ्या देशाची असतात : चीनसाठी ‘सीएन’, भारतासाठी ‘आयएन’. ‘वस्तू ठेवा, थोडे पैसे परत घ्या’ हा प्रस्ताव घाईने स्वीकारू नये. पुढे तोच ‘तक्रार मिटली’ म्हणून दाखवला जातो.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. त्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, मुदत २ वर्षांची.

भारतीय ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत. पण विक्रेत्याचा भारतात पत्ताच नसेल, तर वसुली अवघड जाते. अशा वेळी क्रेडिट कार्डाने पैसे भरले असल्यास बँकेकडे त्या व्यवहाराबाबत ताबडतोब हरकत नोंदवावी.