आधी टेप, मग पाना

जुन्या वॅगन-आरचे पुढचे स्ट्रट, म्हणजे गॅरेजच्या बोलीतले शॉकअप, मी घरीच बदलतो. त्या कामातून शिकलेलं सांगतो.

1. काही खोलण्याआधी उंची मोजा. गाडी सपाट जागी उभी, चाकं सरळ, डिकी रिकामी, टायरमध्ये हवा बरोबर. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायचा आणि चारही मापं लिहून ठेवायची. जमिनीपासून मोजलं, तर टायरची झीजही मापात शिरते.

2. नवे शॉकअप टाकले की बसलेली गाडी उठेल, असं फार लोकांना वाटतं. तसं होत नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप तिचं हेलकावणं आवरतो. गॅसचा असेल तर किंचित उचल देतो, तेवढीच. म्हणून एक बाजू खाली असेल तर पैसे मोजण्याआधी स्प्रिंग पाहा. समुद्रकाठच्या गाड्यांत खालचं वेटोळं गंजून बैठकीतच तुटलेलं असतं आणि वर मातीचा थर असल्याने दिसत नाही. ब्रशने घासून, बोट फिरवून बघा.

3. वरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय कधीही, कुणीही सांगितलं तरी, सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. कॉम्प्रेसर नसेल तर एवढं काम गॅरेजवाल्याकडून करून घ्या.

4. चकचकीत दांड्याला पक्कड लावायची नाही. ओरखडा पडला की सील कापतं आणि तेल गळू लागतं.

5. शॉकअप जोडीनेच बदला.

6. लोअर आर्मचा बोल्ट सोडला असेल, तर चाक लोंबकळत असताना तो पूर्ण आवळू नका. बुशमधलं रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की पिळून राहतं. गाडी थोडी उंच दिसते, मालक खूश होतो, आणि बुश मात्र लवकर फाटतं. बोल्ट आधी नुसता बसवा. चाकांवर वजन आलं, गाडी दोन-चारदा दाबून हलवली, की मगच टॉर्क पान्याने आवळा. रॅम्प किंवा खड्डा असेल तर हे सोपं जातं.

7. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजण्यात अर्थ नाही. टायर जमिनीला अडून चाकं आत ओढलेली राहतात. थोडी पुढे-मागे ढकला, पुढून दाबा, मग टेप लावा. डाव्या-उजव्यात चार-पाच मिलिमीटर फरक जुन्या गाडीत मी चालवून घेतो. सेंटिमीटरभर निघाला, तर स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत बसलंय का, ते आधी पाहतो.

8. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या बोल्टांत जरा ढिलाई असते, तिने कॅम्बर बदलतो. म्हणून टो आणि कॅम्बर दोन्ही तपासायला सांगा. उंचीचं काम मात्र त्याआधी संपलेलं हवं, कारण गाडी वर-खाली झाली की टो पुन्हा हलतो.